‘गॅलक्सी’ वाहिनीचा उदयास्त : परवाना, तंत्रमानक आणि बाजारपेठ

प्रास्ताविक

दूरचित्रवाणीच्या इतिहासात दीर्घायुषी वाहिन्यांचे वृत्तांत विपुल आढळतात. अल्पायुषी वाहिन्यांची नोंद मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. ब्रिटनमधील ‘गॅलक्सी’ या मनोरंजन वाहिनीच्या वाट्याला असाच एक परिच्छेद आलेला आहे. ती २५ मार्च १९९० रोजी केबलवर व २९ एप्रिल १९९० रोजी उपग्रहावरून सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या आरंभी बंद पडली. ‘ब्रिटिश सॅटेलाइट ब्रॉडकास्टिंग’, संक्षेपाने बीएसबी, या कंपनीच्या पैसे मोजून घ्यावयाच्या उपग्रह सेवेतील ती सर्वसाधारण मनोरंजनाची वाहिनी होती. तिच्या मागे शासनाचा परवाना होता, नामवंत भागधारक होते, एक अब्ज पौंडांहून अधिक भांडवलाची तरतूद होती आणि तत्कालीन प्रचलित प्रक्षेपणापेक्षा सरस असे चित्र होते. इतके सर्व असताना ती सव्वाआठ महिन्यांत का संपली, हा प्रश्न केवळ एका कंपनीच्या अपयशाचा नाही. ज्या परवान्याने तिला जन्म दिला त्याच परवान्याच्या अटी तिच्या अंताला कशा कारण झाल्या, हे पाहिल्याखेरीज त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

या घटनेची दोन सोपी स्पष्टीकरणे रूढ आहेत. रूपर्ट मर्डोक यांनी प्रतिस्पर्ध्याला गिळले, हे पहिले. बीएसबीचा चौकोनी अँटेना लोकांना भावला नाही, हे दुसरे. दोहोंत तथ्याचा अंश आहे. परंतु दोन्ही स्पष्टीकरणे कथेच्या शेवटापासून मागे वाचत जातात. आरंभापासून वाचल्यास चित्र वेगळे दिसते.

पाच वाहिन्यांचा हिशेब

उपग्रहावरून थेट घरात प्रक्षेपण करण्याची कल्पना युरोपात प्रथम राष्ट्रीय चौकटीत मांडली गेली. १९७७ साली जिनिव्हा येथे झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेत प्रत्येक देशाला भूस्थिर कक्षेतील एक स्थान आणि साधारणतः पाच वाहिन्यांइतके ध्वनिलहरीक्षेत्र वाटून देण्यात आले. ब्रिटनच्या वाट्याला ३१ अंश पश्चिम हे स्थान आले. आपल्या देशाच्या भूमीवर प्रखर शक्तीचा झोत टाकावा आणि शेजाऱ्याच्या हद्दीत तो शक्यतो कमी सांडावा, असे या वाटणीमागचे सूत्र होते. जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रांप्रमाणेच आकाशही देशवार विभागता येईल, असे त्या काळच्या तज्ज्ञांनी गृहीत धरले होते.

या पाचांपैकी दोन वाहिन्या १९८२ साली बीबीसीला देऊ करण्यात आल्या. परंतु उपग्रह ब्रिटिश बनावटीचाच घ्यावा, ही अट खर्चाच्या दृष्टीने जाचक ठरली. पुढे बीबीसी, आयटीव्हीच्या कंपन्या आणि इतर काही संस्था असा एकवीस जणांचा गट स्थापन झाला. १९८५ साली तोही विस्कटला. या दोन अपयशांनंतर शासनाने स्वदेशी उपग्रहाची अट सोडून दिली आणि स्वतंत्र प्रसारण प्राधिकरणाने खासगी अर्जदारांना पाचारण केले. डिसेंबर १९८६ मध्ये तीन वाहिन्यांचा पंधरा वर्षांचा परवाना बीएसबीला मिळाला. ग्रॅनडा, पिअर्सन, व्हर्जिन, अँग्लिया आणि अॅम्स्ट्रॅड हे तिचे संस्थापक भागधारक होते. उरलेल्या दोन वाहिन्याही १९८९ साली याच कंपनीकडे आल्या.

परवाना मिळाला त्या वेळी ब्रिटिश प्रेक्षकाला अवघ्या चार वाहिन्या उपलब्ध होत्या. चौथी, म्हणजे ‘चॅनल फोर’, हिला सुरू होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. अशा परिस्थितीत नव्या पाच वाहिन्यांचा एकमेव अधिकार हातात असणे ही मोठीच संपत्ती होती. गुंतवणूकदारांचा सारा हिशेब या एकमेवपणावर उभा होता. हे एकमेवपण कायद्याने दिले होते. ते टिकवून ठेवण्याची शक्ती मात्र कायद्यात नव्हती.

परवान्याची किंमत

एकाधिकाराच्या मोबदल्यात बीएसबीने काही बंधने स्वीकारली होती. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे बंधन तंत्रमानकाचे होते. ब्रिटनमधील प्रचलित ‘पाल’ पद्धतीत रंगाची आणि प्रकाशाची माहिती एकाच संदेशात मिसळलेली असे. त्यामुळे बारीक रेघांच्या कपड्यांवर नको ते रंग थरथरताना दिसत. ‘डी-मॅक’ या नव्या पद्धतीत ही दोन प्रकारची माहिती दाबून, कालक्रमाने एकापाठोपाठ एक पाठवली जाई. परिणामी चित्र स्वच्छ येई आणि ध्वनी अंकीय स्वरूपात मिळे. पुढे रुंद पडद्याची आणि उच्च सुस्पष्टतेची दूरचित्रवाणी याच मार्गाने आणता येईल, अशी युरोपीय उद्योगाची अपेक्षा होती. युरोपीय समुदायाने १९८६ साली प्रखर शक्तीच्या प्रसारण उपग्रहांसाठी मॅक कुलातील पद्धती बंधनकारक केल्या, त्यामागे जपानी स्पर्धेपासून स्थानिक उद्योगाचे संरक्षण करण्याचा हेतूही होता.

तात्त्विक दृष्ट्या हे धोरण वाईट नव्हते. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ असा झाला, की ज्या ग्राहकयंत्रावर (आजच्या बोलीत सेट-टॉप बॉक्स) बीएसबीचा संपूर्ण व्यवसाय अवलंबून होता, त्या यंत्राची सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक चकती अद्याप तयारच झालेली नव्हती. ती वेळेवर न मिळाल्यामुळे १९८९च्या शरद ऋतूत नियोजित असलेला प्रारंभ पुढील वर्षाच्या वसंत ऋतूवर गेला. उपग्रह मात्र वेळेवर गेला होता! ‘मार्कोपोलो-१’ हा अमेरिकेतील ह्यूज कंपनीने बांधलेला उपग्रह २७ ऑगस्ट १९८९ रोजी डेल्टा अग्निबाणाने सोडण्यात आला आणि अमेरिकेच्या खासगी व्यापारी उड्डाणांच्या इतिहासात त्या प्रक्षेपणाला मानाचे स्थान मिळाले. म्हणजे लक्षावधी पौंडांची सामग्री आकाशात सज्ज होती, पण तिचे चित्र पाहू शकेल असा संच दुकानात नव्हता.

चौकोनी अँटेनाचा उल्लेख या संदर्भात करणे योग्य ठरेल. ‘स्क्वेरिअल’ या नावाने ऑगस्ट १९८८ मध्ये पत्रकारांपुढे मांडलेला हा सपाट, हाताने सहज उचलता येईल असा अँटेना म्हणजे त्या दिवशी केवळ एक नमुनाकृती होती. ती प्रत्यक्ष काम करीत नव्हती. उपग्रहाची शक्ती प्रखर असल्यामुळे लहान अँटेना पुरेल, हे गणित शास्त्रशुद्ध होते, आणि पुढे थोड्या मोठ्या आकारात तो तयारही झाला. परंतु कंपनीने आपली ओळख एका अशा वस्तूशी बांधून घेतली, जी जाहिरातीत आधी आली आणि कारखान्यातून नंतर. जाहिरातशास्त्राच्या अध्यापकांना हे उदाहरण वर्गात उपयोगी पडावे.

दुसरी तबकडी

या साऱ्या काळात जिनिव्हाच्या वाटणीबाहेर एक वेगळाच उपग्रह आकारास येत होता. लक्झेंबर्गमधील खासगी कंपनीचा ‘ॲस्ट्रा-१ए’ हा उपग्रह ११ डिसेंबर १९८८ रोजी अवकाशात गेला. तो मध्यम शक्तीचा, दूरसंचार वर्गातील उपग्रह होता. त्यामुळे प्रखर शक्तीच्या प्रसारण उपग्रहांना लागू असलेले मॅक पद्धतीचे बंधन त्याला लागू झाले नाही. त्यावर सोळा वाहिन्यांची सोय होती. अँटेना-तंत्रज्ञानात मधल्या दशकात झालेल्या सुधारणांमुळे मध्यम शक्तीचा संदेशही साठ सेंटिमीटरच्या तबकडीवर नीट टिपता येऊ लागला होता. १९७७ साली जिनिव्हात बसलेल्या तज्ज्ञांना ही प्रगती दिसणे शक्य नव्हते; १९८६ साली परवाना देणाऱ्यांना ती दिसायला हवी होती, असे म्हणता येईल.

८ जून १९८८ रोजी रूपर्ट मर्डोक यांनी या उपग्रहावर वाहिन्या भाड्याने घेऊन ब्रिटनसाठी सेवा सुरू करण्याची घोषणा केली. त्यांच्याकडे ‘स्काय चॅनल’ ही युरोपभर केबलवर दिसणारी, सतत तोट्यात चाललेली वाहिनी आधीपासून होती. १९८२ साली ‘सॅटेलाइट टेलिव्हिजन’ या नावाने सुरू झालेल्या या वाहिनीला आता ब्रिटनमध्ये नवे रूप देण्यात आले. स्वस्त तबकडी आणि ग्राहकयंत्र बनवण्याचे काम ॲलन शुगर यांच्या अॅम्स्ट्रॅडने पत्करले, आणि किंमत १९९ पौंड जाहीर झाली. ही तीच अॅम्स्ट्रॅड, जी बीएसबीच्या पाच संस्थापकांपैकी एक होती आणि लवकरच तेथून बाहेर पडली होती. अॅम्स्ट्रॅडच्या या दोन भूमिकांमध्ये त्या काळच्या ब्रिटिश उद्योगजगताचा बराच मोठा इतिहास सामावलेला आहे.

‘स्काय’च्या चार वाहिन्या ५ फेब्रुवारी १९८९ रोजी सुरू झाल्या, म्हणजे ‘गॅलक्सी’च्या उपग्रह-प्रारंभाच्या जवळजवळ पंधरा महिने आधी. त्या जुन्या पाल पद्धतीच्या होत्या. त्यांना ब्रिटिश प्राधिकरणाच्या परवान्याची गरज नव्हती. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या मालकाने देशांतर्गत प्रसारण कंपनीत किती हिस्सा ठेवावा यावर मर्यादा होती. मात्र ही सेवा परदेशी उपग्रहावरून येत असल्याने ती मर्यादाही लागू पडली नाही. मर्डोक यांच्या मालकीची ‘द सन’, ‘द टाइम्स’, ‘द संडे टाइम्स’, ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ आणि ‘टुडे’ ही पाच राष्ट्रीय पत्रे या वाहिन्यांचा प्रचार करण्यास मोकळी होती, आणि तो त्यांनी यथेच्छ केला.

येथे एक बाब स्पष्ट केली पाहिजे. मर्डोक यांनी कायदा मोडला नाही. कायद्याने ज्या गोष्टीची कल्पनाच केली नव्हती ती त्यांनी केली. बीएसबीने या विसंगतीविरुद्ध शासनाकडे तक्रारी केल्या. पण तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या शासनाचा कल स्पर्धेच्या बाजूने होता, आणि मर्डोक यांच्या वृत्तपत्रांचा त्या शासनाला असलेला पाठिंबा सर्वश्रुत होता. यांपैकी कोणते कारण अधिक प्रभावी ठरले याचा निवाडा राजकीय इतिहासकारांवर सोपवावा लागेल. परिणाम मात्र एकच झाला. एका खेळाडूला नियमावली होती आणि दुसऱ्याला नव्हती.

‘गॅलक्सी’वर काय दिसे

बीएसबीच्या पाच वाहिन्यांत कामाची विभागणी होती. ‘मूव्ही चॅनल’ चित्रपटांसाठी, ‘स्पोर्ट्स चॅनल’ क्रीडेसाठी, ‘पॉवर स्टेशन’ पॉप संगीतासाठी, ‘नाउ’ चर्चा, जीवनशैली व कलांसाठी. आणि ‘गॅलक्सी’ सर्वांसाठी. उत्पन्नाची मुख्य आशा चित्रपट वाहिनीच्या मासिक वर्गणीवर होती. परंतु घरात नवा अँटेना बसवून घेण्यास कुटुंबाला जी सवय लागावी लागते, ती लावण्याचे काम मनोरंजन वाहिनीचे असते. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी काहीतरी पाहण्यासाठी माणसे बसतात ती मालिकांपुढे. म्हणूनच ‘गॅलक्सी’ ही कंपनीची दर्शनी ओसरी होती.

तिच्या कार्यक्रमांची टिंगल करण्याची प्रथा आहे. ती सर्वस्वी न्याय्य नाही. बीबीसीच्या संग्रहातील जुन्या कार्यक्रमांचे पुनर्प्रक्षेपण मोठ्या प्रमाणात होते, हे खरे. पण त्यातही कल्पकता होती. डिसेंबर १९८९ मध्ये बीबीसीवर खंडित झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचे जुने भाग २२ व २३ सप्टेंबर १९९० या दोन दिवसांत एकतीस तासांच्या सलग उपक्रमात दाखवण्यात आले. एखाद्या मालिकेच्या निष्ठावंत प्रेक्षकवर्गाला संपूर्ण शनिवार-रविवार अर्पण करण्याची ही रीत पुढे सशुल्क वाहिन्यांत सर्रास रूढ झाली. ३१ अंश पश्चिम या कक्षास्थानावरूनच नाव घेतलेला ‘३१ वेस्ट’ हा गप्पांचा कार्यक्रम, ‘अप यर न्यूज’ हा चालू घडामोडींवरील विडंबनाचा कार्यक्रम, कीथ ॲलन या विनोदी नटाचा स्वतंत्र कार्यक्रम अशी नवी निर्मितीही होती.

काही प्रयोग सपशेल फसले. ‘हाइल हनी, आय ॲम होम!’ या प्रहसनात हिटलर आणि इव्हा ब्राऊन हे जोडपे ज्यू शेजाऱ्यांच्या बाजूला राहत असल्याची कल्पना होती. १९५०च्या दशकातील अमेरिकी कौटुंबिक मालिकांचे विडंबन हा त्याचा हेतू असला तरी ३० सप्टेंबर १९९० रोजी पहिला भाग दाखवल्यानंतर दुसरा कधीच दाखवला गेला नाही. ‘गॅलक्सी’चे नाव आज घेतले जाते ते बहुतांशी या एका भागामुळे. वाहिनीच्या स्मृतीवर हा अन्यायच आहे. कारण तिची खरी महत्त्वाकांक्षा ‘ज्युपिटर मून’ या मालिकेत होती.

‘ज्युपिटर मून’ ही अवकाशात घडणारी दैनंदिन जीवनाची मालिका होती. कथाकाळ २०५० साल. स्थळ गुरू ग्रहाच्या कॅलिस्टो या चंद्राभोवती फिरणारे एक अवकाशयान. आणि त्या यानात चालणारे महाविद्यालय. पात्रांत विद्यार्थी व अध्यापक यांचा भरणा होता. प्रेमप्रकरणे, हेवेदावे, परीक्षांची धास्ती हे सर्व पृथ्वीवरील महाविद्यालयासारखेच. फक्त खिडकीबाहेर गुरू ग्रह. विल्यम स्मेथर्स्ट हे तिचे निर्माते. ‘द आर्चर्स’ या बीबीसीच्या दीर्घकालीन ग्रामीण नभोनाट्यमालिकेची धुरा त्यांनी पूर्वी वाहिली होती, त्यामुळे रोजच्या कथेचा धागा महिनोन्महिने कसा लांबवावा याचे त्यांना पक्के ज्ञान होते. २६ मार्च १९९० पासून आठवड्याला तीन भाग या गतीने ती चालू झाली. एकूण १५० भाग चित्रित झाले. प्रक्षेपित झाले ते १०८.

उरलेल्या बेचाळीस भागांचा हा आकडा वाहिनीच्या अंताविषयी पुष्कळ काही सांगून जातो. कार्यक्रम कमी पडले म्हणून वाहिनी बंद पडली नाही. कार्यक्रम कपाटात तयार असताना ती बंद पडली.

बीएसबीच्या उधळपट्टीवर मात्र पांघरूण घालण्याचे कारण नाही. लंडनमध्ये बॅटरसी येथे चेल्सी पुलाजवळ ‘मार्कोपोलो हाऊस’ हे संगमरवरी थाटाचे मुख्यालय उभारले गेले. ‘स्काय’चा कारभार शहराच्या पश्चिमेला आयलवर्थमधील साध्या औद्योगिक वसाहतीतून चाले. हॉलिवूडच्या चित्रपटांचे हक्क मिळवण्यासाठी दोन्ही कंपन्यांनी एकमेकींवर बोली चढवली, आणि प्रेक्षक मिळोत वा न मिळोत, किमान रकमेची हमी स्टुडिओंना दिली. या चढाओढीत खरा फायदा कोणाचा झाला हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्यातच बीएसबीचे एक मोठे भागधारक, ऑस्ट्रेलियातील ॲलन बाँड यांचे उद्योगसाम्राज्य याच सुमारास कोसळू लागले.

नोव्हेंबर १९९०

१९९०च्या शरद ऋतूत दोन्ही बाजूंची अवस्था बिकट झाली होती. ‘स्काय’च्या तबकड्या सुमारे दहा लाख घरांवर पोहोचल्या होत्या, बीएसबीचे अँटेना लाख-सव्वा लाखांच्या आसपास रेंगाळत होते. पण मर्डोक यांच्या मूळ कंपनीवर सात अब्ज डॉलरांहून अधिक कर्जाचा डोंगर होता आणि बँका अस्वस्थ होत्या. एकजण प्रेक्षकांअभावी आणि दुसरा कर्जापायी अडचणीत आल्यामुळे तडजोड अटळ झाली.

१ नोव्हेंबर १९९० रोजी ब्रिटनच्या नव्या प्रसारण कायद्याला राजसंमती मिळाली. दुसऱ्याच दिवशी, २ नोव्हेंबर रोजी, दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. नव्या कंपनीचे नाव ‘ब्रिटिश स्काय ब्रॉडकास्टिंग’. मालकी कागदोपत्री निम्मी-निम्मी. कारभार मात्र ‘स्काय’च्या हाती. ज्या प्राधिकरणाने बीएसबीला परवाना दिला होता त्याला या वाटाघाटींची पूर्वकल्पना देण्यात आली नव्हती. पंतप्रधानांना मर्डोक यांनी काही दिवस आधी भेटून सांगितले होते. प्राधिकरणाने हा कराराचा भंग असल्याचे जाहीर केले. परंतु तोडगा काय काढणार? परवाना रद्द करावा तर पडदा काळा होणार, आणि ज्यांनी पैसे मोजून अँटेना घेतले त्या ग्राहकांचे नुकसान होणार. शिवाय नव्या कायद्यानुसार हे प्राधिकरणच वर्षाअखेर विसर्जित व्हायचे होते. अखेरीस परवान्याचा काळ आटोपता घेण्याचे ठरले आणि मधल्या काळात मार्कोपोलोवरून प्रक्षेपण चालू ठेवण्यास मुभा मिळाली.

नियमनशास्त्राच्या दृष्टीने हा प्रसंग मननीय आहे. परवाना देणाऱ्या संस्थेची शिक्षा करण्याची शक्ती तिच्या परवानाधारकापुरतीच मर्यादित होती. ज्याने परवाना घेतलाच नव्हता त्याच्यावर तिचा अंकुश नव्हता. आणि परवानाधारकच त्याच्यात विलीन झाल्यावर तो अंकुशही निरर्थक झाला.

विलीन कंपनीचा तोटा आरंभी आठवड्याला सुमारे १ कोटी ४० लाख पौंड होता. ऑस्ट्रेलियातून आलेले सॅम चिझम यांनी कारभार हाती घेतला. बीएसबीच्या बहुतेक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. एकाच कंपनीला दोन मनोरंजन वाहिन्यांची गरज नव्हती, आणि कोणती ठेवायची याविषयी संशयही नव्हता. ‘स्काय वन’ ही दहापट घरांत पोहोचलेली होती, आणि त्या काळी ती तबकडीधारकांना मासिक वर्गणीशिवाय दिसे. डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मार्कोपोलोवरील ‘नाउ’च्या जागी ‘स्काय न्यूज’ आणि ‘गॅलक्सी’च्या जागी ‘स्काय वन’ दिसू लागली. ‘मूव्ही चॅनल’ टिकली, कारण चित्रपटांचे हक्क करारबद्ध होते. ‘स्पोर्ट्स चॅनल’ १९९१च्या एप्रिलमध्ये ‘स्काय स्पोर्ट्स’ झाली, आणि १९९२ साली प्रीमियर लीग फुटबॉलचे हक्क मिळाल्यावर तिच्याच बळावर सारी कंपनी तरली. म्हणजे ‘स्काय’च्या उत्कर्षाचा एक आधारस्तंभ बीएसबीकडून आलेला होता, ही गोष्ट विजेत्यांच्या इतिहासात सहसा ठळकपणे येत नाही.

‘स्काय वन’ मात्र फार काळ विनाशुल्क राहिली नाही. १ सप्टेंबर १९९३ पासून तीही इतर वाहिन्यांसह वर्गणीच्या कुलपाआड गेली. प्रतिस्पर्धी उरला नाही म्हणजे दराचे काय होते, याचे हे उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावे असे आहे.

भारतीय अनुभवाशी असलेला दुवा

ही घटना दूरची वाटली तरी तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९९१ साली हाँगकाँगस्थित ‘स्टार’ने एशियासॅट-१ या उपग्रहावरून वाहिन्या सुरू केल्या, तेव्हा भारतात प्रसारणावर १८८५च्या तार अधिनियमाधारे शासनाचा एकाधिकार होता. मुंबईसारख्या शहरांतील केबलचालकांनी गच्चीवर तबकड्या बसवून, गल्लीबोळांतून तारा ओढून या वाहिन्या घरोघर पोहोचवल्या. लक्झेंबर्गच्या उपग्रहाने ब्रिटिश परवान्याचे जे केले तेच हाँगकाँगच्या उपग्रहाने दूरदर्शनच्या एकाधिकाराचे केले. १९९३ साली मर्डोक यांनी ‘स्टार’मधील बहुमताचा हिस्सा विकत घेतला, हा योगायोग नव्हता, ‘स्काय’च्या अनुभवातून आलेली ती समज होती.

भारतीय कायदा मात्र ब्रिटिश कायद्याप्रमाणेच घटनेच्या मागून चालत आला. केबलजाळ्यांचे नियमन करणारा अधिनियम १९९५चा आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही त्याच वर्षाच्या फेब्रुवारीतला. १९९७ साली थेट घरात पोहोचणाऱ्या उपग्रह सेवेची तयारी ‘स्टार’ने चालवली असता शासनाने अधिसूचना काढून ती रोखली. ब्रिटिश शासनाने जे टाळले ते भारतीय शासनाने केले, असे येथे म्हणता येईल. मात्र तीन वर्षांनी ही बंदी उठवण्यात आली. ‘स्काय’ हे नाव टाटा समूहाच्या सहयोगाने २००६ साली भारतीय घरांच्या छपरांवर आले आणि २०२२ साली ‘टाटा प्ले’ या नव्या नावाआड गेले.

फरकही लक्षात घेतला पाहिजे. भारतात परवानाधारक खासगी प्रतिस्पर्धी आधी उभा राहिलेला नव्हता. त्यामुळे येथे परकीय उपग्रहाने कोणा ‘गॅलक्सी’चा बळी घेतला नाही. उलट २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेली ‘झी टीव्ही’ त्याच एशियासॅटवर जागा घेऊन वाढली. एकच तांत्रिक घटना एका देशात स्थानिक निर्मितीला मारक आणि दुसऱ्या देशात पोषक ठरली. परवान्याची रचना निर्णायक असते असे म्हणण्याचे कारण हेच.

उपग्रहांचे आणि चित्रफितींचे पुढे काय झाले

डी-मॅक पद्धतीचे प्रक्षेपण मार्कोपोलोवरून १९९२च्या अखेरपर्यंत चालले. त्याआधी बीएसबीच्या ग्राहकांना ‘स्काय’ची तबकडी व यंत्र बदलून देण्याची योजना राबवण्यात आली. मॅक पद्धतीवर उभारलेली युरोपची उच्च सुस्पष्टतेची स्वप्ने १९९०च्या दशकात अंकीय प्रक्षेपणाच्या आगमनाबरोबर विरून गेली. ज्या मानकासाठी ‘गॅलक्सी’ने उशीर सोसला, ते मानकच पुढे उरले नाही.

दोन्ही उपग्रह उत्तम स्थितीत होते. ‘मार्कोपोलो-२’ १९९२ साली नॉर्वेने विकत घेतला आणि त्याचे नाव ‘थॉर’ झाले. ‘मार्कोपोलो-१’ १९९३ साली स्वीडनकडे जाऊन ‘सिरिअस’ झाला. दोघांनीही स्कँडिनेव्हियातील घरांना पुढे अनेक वर्षे सेवा दिली. ‘ज्युपिटर मून’चे न दाखवलेले बेचाळीस भाग ब्रिटनमधील ‘साय-फाय चॅनल’ने १९९६ साली प्रक्षेपित केले.